‘आधी अँटिव्हायरस बंद करा’

उद्या सबमिशन आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि पोस्टर करायला लागणारं सॉफ्टवेअर तुमच्या लॅपटॉपवर नाहीये. विकत घेण्याचा प्रश्नच नाही. मग यूट्यूब. ‘फुल व्हर्जन फ्री, १०० टक्के चालतं’ असा एक व्हिडिओ लगेच सापडतो. खाली कमेंट्सची रांग: ‘थँक्स भाई’, ‘वर्किंग’, ‘लाइफसेव्हर’. व्हिडिओतला आवाज अगदी समजावून सांगतो. लिंक डिस्क्रिप्शनमध्ये आहे, झिप फाइलचा पासवर्ड १२३४, आणि इन्स्टॉल करण्याआधी तेवढा अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो.

तुम्ही बंद करता. सगळेच करतात.

आता या सूचना जरा सावकाश वाचा. जो पासवर्ड सगळ्या जगाला जाहीर केलाय, तो झिप फाइलला लावलाच कशाला? कारण पासवर्ड लावलेल्या फाइलच्या आत काय आहे हे तपासणाऱ्या यंत्रणांना सहजी डोकावून बघता येत नाही. ते कुलूप तुमच्यासाठी नाही, वॉचमनसाठी आहे. आणि अँटिव्हायरस बंद करायला सांगण्याचं कारण तर त्याहून सरळ. घरात शिरणाऱ्यानेच ‘वॉचमनला जरा चहाला पाठवा’ म्हणायचं आणि आपण पाठवायचं, असा हा मामला आहे.

चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने २०२५ च्या ऑक्टोबरात यूट्यूबवरच्या अशा ३,००० हून जास्त व्हिडिओंचं जाळं उघड केलं. विषय दोनच मुख्य: गेममधले ‘चीट’ आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स. म्हणजे थेट तुमच्या वयाचं गिऱ्हाईक. या जाळ्यात कामांची वाटणीही होती. काही खाती व्हिडिओ टाकायची, काही लिंक आणि पासवर्ड पुरवायची आणि काहींचं काम फक्त लाइक आणि गोड गोड कमेंट करायचं. ‘थँक्स भाई’ म्हणणारा भाईसुद्धा त्यांचाच!

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण कोरियातून आलेली बातमी तर आपल्याकडच्या प्रत्येक हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावावी अशी आहे. तिथल्या पोलिसांनी लिथुआनियाच्या एका २९ वर्षांच्या तरुणाला ताब्यात घेतलं. त्याला जॉर्जिया देशात पकडून कोरियाकडे सोपवण्यात आलं होतं. आरोप असा की त्याने ‘केएमएस ऑटो’ या टूलमध्ये मालवेअर भरून ते जगभर पसरवलं. एप्रिल २०२० ते जानेवारी २०२३ या काळात साधारण २८ लाख प्रती. केएमएस ऑटो म्हणजे काय हे तुमच्यातल्या निम्म्यांना सांगावं लागणार नाही. विंडोज आणि ऑफिस पैसे न भरता ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून देणारं ते चिमुकलं टूल. आतला मालवेअर शांत बसून राहायचा आणि तुम्ही क्रिप्टोचे पैसे पाठवायला एखादा पत्ता कॉपी केलात की पेस्ट होताना तो बदलून चोराचा पत्ता टाकायचा. बस, एवढंच. लॅपटॉप स्लो नाही, स्क्रीन काळी नाही, काही नाही.

‘आपल्याकडे कुठे क्रिप्टो आहे!’ असं म्हणून पान उलटू नका. कारण मुद्दा क्रिप्टोचा नाहीच. मुद्दा हा की लाखो लोकांनी संरक्षण स्वतःच्या हाताने बाजूला केलं आणि अनोळखी माणसाचा प्रोग्राम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवला. एकदा ती परवानगी दिली की पुढे काय चोरायचं हे तो ठरवतो, आपण नाही.

गंमत म्हणजे पीसीवरचा पहिला व्हायरसच मुळी पायरसीच्या भांडणातून जन्मला. १९८६ साली लाहोरमधल्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी ‘ब्रेन’ लिहिला. त्यांचं म्हणणं, लोक आमच्या सॉफ्टवेअरच्या चोरून कॉप्या करतात, त्यांना धडा शिकवायचा होता. त्या व्हायरसमध्ये त्यांनी चक्क स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता. आजच्या मंडळींकडून एवढ्या सभ्यपणाची अपेक्षा ठेवू नका.

आज सगळ्यात जोरात चालणारा धंदा आहे ‘इन्फोस्टीलर’चा, म्हणजे माहिती चोरणाऱ्या मालवेअरचा. ‘लुमा’ हे त्यातलं गाजलेलं नाव. तो चक्क सबस्क्रिप्शनवर मिळायचा, महिन्याला २५० डॉलरपासून पुढे, आपण ओटीटी घेतो तसा. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने अमेरिका, युरोप आणि जपानच्या यंत्रणांच्या साथीने त्याची सुमारे २,३०० डोमेन्स बंद पाडली. त्याआधीच्या अवघ्या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज कॉम्प्युटर्सवर तो सापडला होता. काही आठवड्यांत त्याने पुन्हा डोकं वर काढलं, हे वेगळं सांगायला नको.

हा मालवेअर तुमच्या लॅपटॉपचं काहीच बिघडवत नाही. तो येतो, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड, ऑटोफिल आणि ‘कुकीज’ उचलतो, डेस्कटॉपवर कामाच्या वाटणाऱ्या फाइल्स असतील तर त्या घेतो, सगळं बाहेर पाठवतो आणि अनेकदा स्वतःच्या खुणाही पुसतो. यातल्या कुकीजचं नीट समजून घ्या, कारण ‘माझं टू-स्टेप व्हेरिफिकेशन ऑन आहे, मला काय होतंय’ हा भ्रम इथेच फुटतो.

कॉलेज फेस्टला गेटवर तुमचं आयकार्ड एकदाच तपासतात आणि मनगटावर बँड बांधतात. नंतर दिवसभर कोणी आयकार्ड मागत नाही, बँड दिसला की सोडतात. लॉगिनचंही तसंच. पासवर्ड आणि ओटीपी दिला की वेबसाइट तुमच्या ब्राउझरला असा एक बँड बांधते. म्हणून तर जीमेल रोज पासवर्ड मागत नाही. इन्फोस्टीलर तो बँडच कापून नेतो. चोराला ना पासवर्ड लागत, ना ओटीपी. तो आत येतो तोच ‘तुम्ही’ म्हणून.

आठवतंय, २०२३ च्या मार्चमध्ये ‘लायनस टेक टिप्स’चा यूट्यूब चॅनेल हॅक झाला होता? दीड कोटी सबस्क्रायबर, दिवसरात्र कॉम्प्युटरवरच बोलणारी माणसं. टीममधल्या एकाने स्पॉन्सरशिपची ऑफर म्हणून आलेली, पीडीएफसारखी दिसणारी फाइल उघडली आणि सेशन चोरीला गेलं. पासवर्ड कोणी ओळखला नव्हता, ओटीपी कोणी सांगितला नव्हता. चॅनेलवर इलॉन मस्कच्या नावाने क्रिप्टोचे फसवे लाइव्ह सुरू झाले. चॅनेल परत मिळाला, कारण ते लायनस होते. तुमचं २,००० फॉलोअर्सचं इन्स्टा पेज परत मिळवून द्यायला कोणाचा फोन येणार आहे?

आता तर चोरांनी डाउनलोडचीही कटकट ठेवलेली नाही. एखाद्या साइटवर ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ असा चौकोन येतो. नेहमीसारखी ट्रॅफिक सिग्नलची चित्रं नसतात. त्याऐवजी लिहिलेलं असतं: कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. आपण सवयीने दाबतो. होतं असं की त्या पानाने गुपचूप एक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर कॉपी करून ठेवलेली असते. पहिल्या बटणांनी विंडोजची ‘रन’ची खिडकी उघडते, दुसऱ्यांनी ती कमांड पेस्ट होते आणि एंटरने चालते. मालवेअर तुम्ही स्वतः टाइप करून चालवल्यासारखं. या युक्तीला ‘क्लिकफिक्स’ म्हणतात आणि लुमा पसरवायला ती सर्रास वापरली गेली. कुठलाही खरा कॅप्चा तुम्हाला कीबोर्डच्या अशा कसरती करायला सांगत नाही. असं पान दिसलं की टॅब बंद. दुसरा विचार नको.

चोरीला जाण्यासारखं तुमच्याकडे काय आहे, असं अजूनही वाटतंय? जरा तुमचं ‘डॉक्युमेंट्स’ फोल्डर उघडा. अ‍ॅडमिशनच्या वेळी स्कॅन केलेला शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, पॅन कार्ड, आईबाबांच्या उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, सहीचा फोटो आणि आधारची पीडीएफ. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. जन्मतारीख शेजारच्याच दाखल्यावर आहे. अख्खा माणूस एका फोल्डरमध्ये, कुलूप आणि किल्ली शेजारी शेजारी. स्कॉलरशिपचा फॉर्म भरून झाला की हे सगळं लॅपटॉपवरून काढून एका पेन ड्राइव्हवर ठेवायला ५ मिनिटंही लागत नाहीत.

दुसरी जात खंडणीखोरांची, म्हणजे रॅन्समवेअरची. हॉस्पिटलं, कंपन्या यांच्या बातम्या होतात, पण विद्यार्थ्यांच्या आणि घरच्या लॅपटॉपवर वर्षानुवर्षं धुमाकूळ घातलाय तो ‘स्टॉप’ उर्फ ‘डीजेव्हीयू’ने. पसरायचा कसा? क्रॅक आणि अ‍ॅक्टिव्हेटरमधून. फाइल्सना कुलूप घालत असताना तो स्क्रीनवर ‘विंडोज अपडेट होत आहे’ अशी खोटी खिडकी दाखवायचा, म्हणजे तुम्ही निवांत बसून वाट बघणार. मग चिठ्ठी: ९८० डॉलर द्या. ७२ तासांत दिलेत तर निम्म्यात, ४९० डॉलर. डिस्काउंटसुद्धा! जोडीला इन्फोस्टीलरही टाकून जायचा. जुन्या प्रकारांवर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्टचं मोफत टूल आलं, पण नंतरच्या बऱ्याच प्रकारांत फाइल्स परत मिळत नाहीत. कधी अशी वेळ आलीच तर ‘नो मोअर रॅन्सम’ या साइटवर आधी बघा. युरोपोल आणि डच पोलिसांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये सुरू झालेली ही साइट मोफत टूल्स देते. पैसे दिले म्हणजे फाइल्स मिळतीलच याची खात्री मात्र कोणीही देऊ शकत नाही.

अपडेटचा विषय निघालाच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. ताई-दादाचा जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हवं, कारण बऱ्याच जुन्या मशीन्सवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. लॅपटॉप चालत राहतो, त्यामुळे काही बदललंय असं वाटतच नाही. पण नवी भोकं सापडतात आणि ती कोणी बुजवत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातली मशीन्स लॉक केली तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिलेलं होतं, ज्यांनी ते लावलं नव्हतं ते अडकले. पुढच्याच महिन्यात त्याच भोकाचा वापर करणाऱ्या ‘नॉटपेट्या’मुळे आपल्या न्हावा शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं मेर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं होतं. तेव्हा विंडोज १० असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन मुदतवाढीच्या अपडेट्ससाठी नाव नोंदवा. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलात तर पैसे पडत नाहीत आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतात. त्यानंतर मशीन जुनंच राहणार असेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटू टाकून बघा. इंटरनेट, टायपिंग, कोडिंग, सगळं त्यावर मजेत होतं.

आता मुळाशी येऊ. ‘पायरसी हे पाप आहे’ असं भाषण द्यायला मला तरी जमणार नाही. ज्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं एखाद्या मुलाच्या मेसच्या कित्येक महिन्यांच्या बिलाएवढं आहे, तेच सिलॅबसमध्ये लावायचं आणि ‘आपापलं बघा’ म्हणायचं, यात मुलं क्रॅककडे वळली तर दोष एकट्या मुलांचा नाही. प्रॅक्टिकलला नाव घेऊन एकच सॉफ्टवेअर मागणाऱ्या सरांनाही ते लायसन्स कुठून आणायचं हे विचारायला हरकत नाही. विचारा, खरंच.

कारण रस्ते आहेत, फक्त कोणी सांगत नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड मोफत देतं, कॉलेजात शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. कॉलेजने नोंदणी केली असेल तर कॉलेजच्या ईमेलवर ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती फुकट मिळते. पोस्टरसाठी इंकस्केप, फोटोसाठी गिम्प, चित्रांसाठी क्रिता, व्हिडिओसाठी दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. मॅटलॅबऐवजी सायलॅब किंवा ऑक्टेव्ह. आणि आपल्या पवईत, आयआयटी बॉम्बेमध्ये, ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प नेमकं हेच काम करतो: महागड्या सॉफ्टवेअरच्या जागी खुली सॉफ्टवेअर्स कॉलेजांत रुजवायची. तिथल्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’वर कितीतरी धडे मराठीतही आहेत. दोन दिवस हात अवघडतात, बटणं सापडत नाहीत, हे खरं. पण सरांना हवी असलेली फाइल तयार होते.

आणखी दोन छोट्या गोष्टी, ज्यांना ५ मिनिटंही लागत नाहीत. एक, फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन फाइलचं एक्स्टेन्शन दिसेल असं करा. विंडोज ते आपणहून लपवतं, त्यामुळे ‘नोट्स.पीडीएफ.ईएक्सई’ ही फाइल तुम्हाला साधी ‘नोट्स.पीडीएफ’ दिसते. दोन, रोजच्या वापरासाठी साधं ‘स्टँडर्ड’ अकाउंट करा आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा. मग प्रत्येक ‘यस’च्या आधी पासवर्ड टाकावा लागतो आणि तेवढ्या वेळात डोकं जागं होतं. आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह परत आला, की सगळ्या फोल्डर्सचे शॉर्टकट झालेले दिसले तर त्यातल्या एकावरही डबल क्लिक करू नका. तुमचे फोल्डर बहुधा आतच लपवलेले असतात. क्लिक केलं की मालवेअर तुमच्या लॅपटॉपवर चालतो. प्रिंटला पीडीएफ मेल करणं बरं, फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर स्वतःचं जीमेल उघडू नका, दुकानाच्या पत्त्यावर फोनवरून पाठवा.

समजा, झालंच. क्रॅक चालवला, स्क्रीनवर काळी खिडकी चमकून गेली आणि पोटात गोळा आला. सगळ्यात मोठी चूक इथे होते: घाबरून त्याच लॅपटॉपवरून पासवर्ड बदलायला बसणं. नवे पासवर्डही थेट चोराकडे जातात. आधी वायफाय बंद. मग फोन हातात घ्या आणि फोनवरून जीमेलचा पासवर्ड बदला. गुगल अकाउंटमध्ये ‘युअर डिव्हायसेस’मध्ये जाऊन अनोळखी आणि त्या लॅपटॉपवरचं, दोन्ही लॉगिन साइन आउट करा; इन्स्टावर आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हायसेसमध्येही तेच. हा साइन आउट फार महत्त्वाचा, चोराच्या हातातला तो बँड याच पायरीला निकामी होतो. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन, मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार. केंद्र सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’वर मोफत सफाई टूल्स आहेत, पण इन्फोस्टीलरची शंका असेल तर नुसत्या स्कॅनवर विसंबू नका. लॅपटॉप पूर्ण पुसून विंडोज नव्याने टाकणं हेच खात्रीचं.

आणि तिथे एक खड्डा आहे. आपण लॅपटॉप गल्लीतल्या ‘फॉरमॅट मारून देणाऱ्या’ दादाकडे नेतो आणि तो त्याच्या नेहमीच्या पेन ड्राइव्हवरून विंडोज, ऑफिस, फोटोशॉप, सगळं एका तासात टाकून देतो. सगळं क्रॅक. म्हणजे आगीतून फुफाट्यात. जाण्याआधी दुसऱ्या कोणाच्या तरी चांगल्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ‘मीडिया क्रिएशन टूल’ने स्वतःचा पेन ड्राइव्ह तयार करा, फुकट आहे. आणि एक गोष्ट तपासा: सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे ‘डिजिटल लायसन्स’ने अ‍ॅक्टिव्हेट झालंय असं असेल तर उत्तम. पण ‘तुमच्या ऑर्गनायझेशनच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिस’ने अ‍ॅक्टिव्हेट झालंय असं लिहिलं असेल आणि लॅपटॉप कॉलेजचा किंवा कंपनीचा नसेल, तर कोणीतरी तुमच्या मशीनवर केएमएसवालं टूल चालवून गेलंय.

वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपच्या चिपमध्येच लायसन्स असतं. जी आवृत्ती होती तीच पुन्हा टाकली की ते आपोआप चालू होतं. दादाला सांगायचं, ‘माझ्यात होम होतं, होमच टाक, पेन ड्राइव्ह मी आणलाय.’ तो म्हणेल, ‘अरे, प्रो टाकून देतो ना, एक्स्ट्रा पैसे नाही घेत.’

नको म्हणा.